भाड्याच्या घरातली ओल आणि बुरशी : जबाबदारी घरमालकाची की भाडेकरूची?

पावसाळा सुरू होऊन महिना लोटला की भाड्याच्या घरात भिंतीवरच्या काळ्या डागावरून कुरबुर सुरू होते. घरमालक म्हणतो, ‘तुम्ही घरात कपडे वाळवता, खिडक्या उघडत नाही.’ भाडेकरू म्हणतो, ‘गच्ची गळते, मी काय करू?’ वाद तोंडीच राहतो, डाग वाढत जातो आणि घर सोडताना रंगाचा खर्च अनामत रकमेतून कापला जातो.

आपल्या समाजातल्या भाडेकरूंची यात एक वेगळी अडचण असते. बडोद्यात जात कळल्यावर बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले, हा प्रसंग आपल्याला माहीत आहे. आज तेच सौम्य भाषेत घडते. आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, मग ‘नॉनव्हेज खाता का?’ आणि शेवटी ‘घर दुसऱ्याला दिले’ असा निरोप येतो. अशी चार घरे पाहून पाचवे मिळालेले कुटुंब तिथल्या ओलीबद्दल तक्रार करायला कचरते. ‘घर मिळाले हेच खूप’ म्हणून मुलाचा खोकलाही सहन केला जातो. म्हणून ओल नेमकी कुठून येते, ती दूर करण्याची जबाबदारी कोणाची आणि तक्रार कशी करायची, याची माहिती इथे एकत्र दिली आहे. कायद्याचा भाग महाराष्ट्रापुरता आहे.

ओल हा आरोग्याचा प्रश्न आहे

बुरशीला वाढायला ओलावा आणि थोडे खाद्य लागते. रंग, पुट्टी, लाकूड, कागद, कापूस, धूळ यांतले काहीही तिला पुरते. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही की बुरशी धरू लागते. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत मिसळून श्वासावाटे आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग होण्याचे प्रमाण जास्त असते, असे त्यांत नमूद आहे. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना जपायला हवे. डॉक्टरांकडे जाताना घरात ओल असल्याचे आवर्जून सांगा. ती नोंद केसपेपरवर आली, तर पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

आधी भिंत वाचा : ओलीचे तीन प्रकार

जबाबदारी कोणाची हे ठरवण्याआधी पाणी कुठून येते ते पाहावे लागते.

१) गळती. गच्चीचा कोबा फुटणे, बाहेरच्या भिंतीला भेगा पडणे, सांडपाण्याचा पाइप फुटणे किंवा वरच्या घराची न्हाणी झिरपणे ही तिची नेहमीची कारणे. डाग एका ठिकाणी सुरू होतो आणि पसरतो, त्याला पिवळसर कडा येते, रंगाचे पोपडे निघतात. जोराच्या पावसानंतर डाग वाढत असेल तर पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येते. उन्हाळ्यातही तो ओला राहत असेल तर पाइप किंवा वरची न्हाणी तपासायला हवी. वरच्या न्हाणीत रंगीत पाणी सोडून पाहणे ही प्लंबर मंडळींची जुनी पद्धत आहे. घरातले सगळे नळ बंद करूनही पाण्याचे मीटर फिरत असेल, तर पाइप गळतो आहे असे समजावे.

२) जमिनीतून चढणारी ओल. ही तळमजल्याच्या खोल्यांत, बैठ्या चाळींत आणि जुन्या घरांत दिसते. पाया बांधताना ओल अडवणारा थर दिलेला नसला की पाणी भिंतीतून वर चढते. साधारण कमरेएवढ्या उंचीपर्यंत आडवा पट्टा दिसतो, भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा भुसभुशीत होतो.

३) हवेतला दमटपणा. स्वयंपाकाची वाफ, अंघोळीची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे यांमुळे हवेत बाष्प साठते. ते बाहेर जायला वाट नसली की कपाटामागे, कोपऱ्यात, पलंगाच्या मागच्या भिंतीवर आणि खिडकीच्या चौकटीभोवती काळे ठिपके उमटतात. इथे पोपडे सहसा नसतात.

शंका असेल तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. एक फूट लांब-रुंद ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला दव जमले तर कारण हवेतले बाष्प आहे. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण बोलणी कुठून सुरू करायची ते यातून कळते. चाचणीचा फोटो काढून ठेवा.

मग जबाबदारी कोणाची?

पहिल्या दोन प्रकारांत दोष बांधकामाचा असतो, त्यामुळे दुरुस्ती घरमालकाकडे येते. तिसऱ्या प्रकारात आधी एक प्रश्न विचारावा लागतो : हवा खेळती ठेवायला या घरात सोय आहे का? खिडकी आणि पंखा असूनही भाडेकरू ते वापरत नसेल, तर जबाबदारी त्याची. न्हाणीला झरोकाच नाही, एकुलती खिडकी भिंतीला लागून आहे किंवा ती उघडतच नाही, अशा घरातल्या बुरशीसाठी भाडेकरूला दोष देता येत नाही. भाडेकरूने स्वतः खिळे ठोकून पाइप फोडला किंवा नळ गळत ठेवला, तर तो खर्च त्याचाच.

घर सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल तर तिसरा पक्षही येतो. आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या वाहिन्या यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला, तर तोही खर्च संस्थेचा. सदनिकेच्या आतल्या न्हाणी, संडास, सिंक यांची गळती त्या त्या सदनिकाधारकाने दुरुस्त करायची. भाडेकरू संस्थेचा सभासद नसतो. म्हणून ‘सोसायटीला सांगा’ एवढे म्हणून घरमालकाला हात झटकता येत नाहीत. सभासद या नात्याने संस्थेकडे लेखी तक्रार त्यानेच करायला हवी.

मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींत मोठ्या, संरचनात्मक दुरुस्तीसाठी म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. छताच्या सळ्या उघड्या पडल्या असतील, स्लॅबचे तुकडे पडत असतील, तर तो निव्वळ ओलीचा प्रश्न राहत नाही. त्याखाली झोपणे थांबवा आणि मालकाबरोबरच महापालिकेच्या विभाग कार्यालयालाही लगेच कळवा.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसेल तर घर राहण्यायोग्य आणि दुरुस्त ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरू किंवा अनेक भाडेकरू मिळून किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊ शकतात. त्यानंतर वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरूंनी ते स्वतः करून घ्यावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. खर्चाचा हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या, तर तोच पुरावा मानला जातो.

एक चतुर्थांशाची मर्यादा नीट समजून घ्या. पागडीच्या खोलीचे भाडे महिना ५०० रुपये असेल तर वर्षाचे ६,००० होते आणि त्यातून १,५०० रुपयेच वळते करता येतात. तेवढ्यात एका भिंतीचा गिलावाही होत नाही. पण त्याच चाळीतल्या वीस भाडेकरूंनी मिळून नोटीस दिली आणि गच्चीचे काम करून घेतले, तर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रक्कम वळती होऊ शकते. कलमात ‘मिळून’ हा शब्द आहे, त्याचा उपयोग करायला हवा.

आता मोठी अडचण. पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर, नाशिक इथे आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. या करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याला कलम १४ चा आधार थेट मिळत नाही. त्याच्यासाठी भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. घरात धोकादायक दोष असेल आणि तो मालकाला माहीत असून राहायला येणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे (कलम ५७). घर धोकादायक होईल असे काही मालकाने करायचे नाही (कलम ५८). बाकी सगळे करारात काय लिहिले आहे यावर अवलंबून राहते.

करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असे भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी झालेली नसेल, तर करारातल्या अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते; ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. ‘आपल्यात कशाला कागद’ असे म्हणणाऱ्या मालकाला हे कलम सांगायला हरकत नाही.

तक्रार केली म्हणून पाणी किंवा वीज तोडणे बेकायदा आहे. कलम २९ त्यासाठीच आहे. मात्र रागाच्या भरात भाडे थांबवू नका. कायद्याने आखून दिलेल्या पद्धतीबाहेर भाडे अडवले की थकबाकीदार तुम्ही ठरता आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

करारात काय लिहून घ्यावे

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा तयार केला. तो महाराष्ट्राला आपोआप लागू होत नाही. इथे १९९९ चाच कायदा चालतो. तरी त्यातली दुरुस्तीची विभागणी करारासाठी चांगला नमुना आहे. संरचनात्मक दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळांच्या पाइपांची बदली आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेले सांडपाणी, बटणे, कड्या-कुलपे, खिडक्यांच्या काचा, जाळ्या भाडेकरूकडे.

सही करण्याआधी करारात ही वाक्ये येतील असे पाहा :

• गच्ची, भिंत, छत, जमीन व पाइप यांतून येणारी ओल किंवा गळती घरमालक स्वखर्चाने, लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्त करील.
• त्या मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती करून घेईल आणि पावत्या दाखवून खर्च भाड्यातून वळता करील.
• ताबा घेताना काढलेली छायाचित्रे करारास जोडली आहेत. त्यांत दिसणारे डाग आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज यांसाठी अनामत रक्कम कापली जाणार नाही.

सगळे मालक हे मान्य करतील असे नाही. निदान छायाचित्रांची अट तरी सोडू नका. घर पाहायला शक्यतो पावसाळ्यात जा. नुकताच रंग दिलेले घर असेल तर कोपऱ्यांचा वास घ्या, कपाटे उघडून मागची भिंत पाहा आणि शेजाऱ्यांना विचारा.

तक्रार लिहून करा

डाग दिसला त्याच दिवशी फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर मालकाला पाठवा. फोनवर बोलणे झाले तर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ असा संदेश मागोमाग टाका. आठवड्यात काही हालचाल झाली नाही तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. नमुना असा :

*विषय : घरातील ओल व गळतीच्या दुरुस्तीबाबत.*
*महोदय/महोदया, मी आपल्या … येथील घरात दि. … पासून राहत आहे. दि. … रोजी आतल्या खोलीच्या छतावर ओल व बुरशी आढळली. ही बाब मी दि. … रोजी आपणांस व्हॉट्सॲपवर कळवली होती. पावसानंतर डाग वाढत असल्याने पाणी गच्चीतून झिरपत असल्याचे दिसते. कृपया हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पाहणी करून दुरुस्ती करावी. पाहणीसाठी मी रोज सायंकाळी … ते … या वेळेत घरी उपलब्ध आहे. आजपर्यंतचे भाडे भरलेले आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.*

पत्रात राग नको, तारखा हव्यात. ‘पाहणीसाठी उपलब्ध आहे’ हे वाक्य गाळू नका. ‘भाडेकरू घरात येऊच देत नव्हता’ ही सबब त्यामुळे उरत नाही.

भाडेकरूने करायचे काम

भगवान बुद्धांनी भिक्खूंच्या चार गरजा सांगितल्या : चीवर, पिंडपात, सेनासन आणि औषध. निवारा हा त्यांतला एक आहे. विनयपिटकात निवासाची काळजी कशी घ्यावी याचे बारीक नियम आहेत. अंथरूण-पांघरूण बाहेर नेऊन उन्हात वाळवावे आणि झटकून आत आणावे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर डाग धरले असतील तर कापड ओले करून, पिळून भिंत पुसावी. थंडीत खिडक्या दिवसा उघड्या आणि रात्री बंद ठेवाव्यात. उन्हाळ्यात याच्या उलट करावे. बांधकाम आणि डागडुजीवर देखरेख करायला मात्र ‘नवकम्मिक’ हा वेगळा भिक्खू नेमला जाई. राहणाऱ्याने स्वच्छता ठेवायची आणि पडझडीची दुरुस्ती ज्याच्याकडे सोपवली आहे त्याने ती करायची, अशी ही वाटणी आहे.

आपल्या घरातही तेच लागू करता येते. स्वयंपाक करताना आणि अंघोळीनंतर खिडकी उघडा, पंखा लावा. कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. पावसात कपडे आत वाळवावे लागलेच तर एकाच खोलीत, पंख्याखाली आणि खिडकी किलकिली ठेवून वाळवा. उघडीप मिळाली की गाद्या उन्हात टाका.

तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा छोटा डाग घरी साफ करता येतो. मास्क आणि रबरी हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसा आणि जागा पूर्ण कोरडी करा. ब्लीच वापरायचे असल्यास चार लिटर पाण्यात एका कपाहून जास्त नको. ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात कधीही मिसळू नका, कारण त्यातून विषारी वायू निघतो. बुरशीवर नुसता रंग मारल्याने ती जात नाही. पाण्याची वाट बंद झाल्याशिवाय कोणतीही साफसफाई टिकत नाही.

‘तुमची राहणीच तशी’

इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. त्याचे आईवडील सुदानहून आलेले होते. सामाजिक गृहयोजनेतल्या त्यांच्या घरात बुरशी होती. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना डागावर रंग मारायला सांगण्यात आले. घर पुरवणाऱ्या संस्थेने दोष कुटुंबाच्या राहणीवर ढकलला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा गंभीर विकार होऊन मुलाचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायिक चौकशीत निघाला. त्यानंतर तिथे २०२३ मध्ये कायदा झाला आणि तो मुलाच्या नावाने ओळखला जातो. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहयोजनांतल्या घरमालकांना तातडीच्या धोक्यावर २४ तासांत कारवाई करावी लागते आणि ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची पाहणी कामाच्या दहा दिवसांत करावी लागते.

‘तुमची राहणीच तशी’ हे वाक्य आपल्याला परके नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा कोंदट, अंधाऱ्या, ओलसर घरांचा प्रश्न सरकारला दिसला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आणि रमाई अनेक वर्षे राहिले. आजारी घर दुरुस्त करायचे सोडून त्यात राहणाऱ्यालाच अस्वच्छ ठरवणे हा अन्याय आहे, मग घरमालक कोणीही असो.

आपल्यातलेही अनेक जण आता घरमालक आहेत. त्यांनी घर देण्याआधी गच्ची तपासावी, ओलीवर घाईने रंग मारून घर दाखवू नये आणि दोष असेल तर आधीच सांगावा. सम्यक आजीविकेत घरभाड्याचे उत्पन्नही येते.

मदत कुठे मिळेल

पत्रानेही काम झाले नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे; जातीचे प्रमाणपत्र सोबत ठेवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. भाड्याचे वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. इतर ठिकाणी लघुवाद न्यायालय नसल्यास दिवाणी न्यायालयात. तक्रारीवरून मालकाने लोकांसमोर जातिवाचक शिवीगाळ केली, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा वेगळा गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलिसांत स्वतंत्रपणे द्यावी.

वस्तीतल्या विहारांत पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी करार वाचून दाखवणे, पत्रे लिहून देणे, घरांचे फोटो काढायला मदत करणे, एवढे काम दोन-तीन शिकलेली मुले-मुलीही करू शकतात. वर्षावासात विहारात माणसे जमतातच. त्या तीन महिन्यांत एकेका घराची तक्रार कागदावर आली, तर पुढच्या पावसाळ्याआधी दुरुस्तीला हात घालता येईल.